चिप आता तुझ्या पायात

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

पळता पळता ऐकत असाल तर एका कानातला इअरफोन काढून ठेवा, मागून ट्रक येतात. एसटीत बसून ऐकत असाल तर निवांत ऐका.

आज पळण्याबद्दल बोलायचं आहे. पण एकट्याच्या पळण्याबद्दल नाही, ते व्हिडिओ तुम्ही भरपूर बघितले असतील. सूर्योदय, ड्रोन शॉट, पार्श्वसंगीत, आणि "स्वतःशी स्पर्धा करा". मला बोलायचंय रिलेबद्दल. तुम्ही पळताय आणि पुढे कोणीतरी तुमची वाट बघत उभं आहे, त्या पळण्याबद्दल.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी वाशिमचा. बी.टेक. झालं, पुण्यात तीन वर्षं काढली, आता घरूनच काम करतो. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी अमेरिकेवाल्यांची मीटिंग. सकाळ तेवढी माझी. आणि वाशिममध्ये पहाटे पाचला बाहेर पडलात तर रस्ता रिकामा नसतो बरं का. पोरं-पोरी पळत असतात. थंडीत तर घोळकेच्या घोळके. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, काय फिटनेसवालं शहर आहे! तसं नाहीये. ती सगळी भरतीची पोरं. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्याकडे पळणं म्हणजे परीक्षा. अंगावर टी-शर्ट, हातात स्टॉपवॉच आणि डोक्यात मेरिट लिस्ट.

म्हणून पळताना दिसलात की पहिला प्रश्न ठरलेला: "भरती कधी हाय?" आणि वय थोडं जास्त दिसलं तर दुसरा: "कायले पयतं बे? कोनी मांगं लागलं का?"

हसण्यावारी नेऊ नका. भरतीचं वय निघून गेलं की माणूस पळणं बंद करतो. एवढी वर्षं रोज पहाटे उठलेला, दम असलेला, पायात ताकद असलेला माणूस एका यादीत नाव आलं नाही म्हणून बूट खुंटीला टांगतो. मुलींचं तर त्याआधीच थांबतं. लग्न ठरलं की संपलं.

आम्ही चौघं एकत्र आलो ते असेच. नावं सांगत नाही. त्यांनी गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे, नावांची नाही. एक सर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, चाळिशीच्या आसपास. एक दादा, मालेगाव तालुक्यात शेती, मुख्य पीक सोयाबीन, आमच्यातला सगळ्यात जोरात पळणारा. एक ताई, नर्स आहे, ड्युटीच्या पाळ्या सांभाळून पळते. तिने लग्नाआधी भरतीची दोन वर्षं तयारी केली होती, थोडक्यात राहिली, आणि मग पाच वर्षं तिने पळायचे बूट घातलेच नाहीत. आणि चौथा मी, सायकलवाला.

पहिली रिले आम्ही जानेवारीत केली. स्पर्धा नव्हे, आपली आपण. वाशिम ते मंगरूळपीर, साधारण चाळीस किलोमीटर. चौघांनी पाच-पाच किलोमीटरच्या दोन-दोन पाळ्या. एक पळणार, बाकीचे दोन गाड्यांवर पुढे जाऊन थांबणार. बॅटन म्हणून काय घ्यायचं यावर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा. सर म्हणाले, शाळेतली लाकडी बॅटन आणतो. दादाने गळ्यातला दुपट्टा काढला आणि म्हणाला, हेच घ्या, घाम पुसायलाही होते.

तुम्हाला सांगतो, त्या दुपट्ट्याने गंमत केली. मी एरवी पाच किलोमीटर पळतो तेव्हा तिसऱ्या किलोमीटरला माझं मन सुंदर कारणं शोधायला लागतं. गुडघा जरा दुखतोय, कालची मीटिंग उशिरा संपली, वगैरे. त्या दिवशी दुपट्टा गळ्यात होता आणि समोर वळणावर ताई हात पुढे करून उभी दिसत होती. कारणं सुचलीच नाहीत. घरी आल्यावर मी सगळ्यांच्या घड्याळातला डेटा काढून एक्सेलमध्ये टाकला. सवय जात नाही. चौघांपैकी चौघंही नेहमीपेक्षा जोरात पळाले होते. दुसऱ्या पाळीतसुद्धा, जेव्हा पाय दमलेले होते.

मग मी वाचत सुटलो. जपानमध्ये या प्रकाराला एकिदेन म्हणतात. जुन्या काळी तिकडे टपालाची ठाणी असायची, घोडे आणि निरोप्ये बदलत बदलत बातमी पुढे जायची, आपल्याकडे हरकारे धावायचे तसंच. त्यावरून हे नाव आलं. १९१७ मध्ये क्योतो ते टोकियो अशी पहिली मोठी एकिदेन झाली, पाचशे किलोमीटरच्या वर, तीन दिवस, रात्रंदिवस. आणि बॅटन काय तर कापडी पट्टा, खांद्यावरून तिरका घालायचा. त्याला तासुकी म्हणतात. म्हणजे दादाचा दुपट्टाच की!

त्यांची सगळ्यात गाजलेली शर्यत म्हणजे हाकोने एकिदेन. १९२० पासून चालते. विद्यापीठांचे संघ, दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला, दहा धावपटू, दोनशे किलोमीटरहून जास्त. त्यात एक नियम आहे, तो वाचून मी जरा थांबलोच. तुमचा संघ पहिल्या संघाच्या फार मागे पडला, म्हणजे ठरलेल्या मिनिटांत तुमचा माणूस ठाण्यावर पोहोचलाच नाही, तर पुढच्या धावपटूला त्याची वाट न बघता सोडून देतात. दुसराच पट्टा घालून. आणि मागचा गडी येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर विद्यापीठाचा पट्टा असतो, पण घ्यायला समोर कोणी नसतं. शर्यत चालूच राहते. फक्त त्या मुलाच्या हातून पट्टा पुढे गेलेला नसतो. टीव्हीवर सगळा देश ते बघत असतो.

हे मी ग्रुपवर टाकलं. ताईचा रिप्लाय आला, "त्या मुलाला नंतर कोणी काही म्हणतं का?" हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ट्रायथलॉन. पोहा, सायकल चालवा, पळा, एकामागोमाग एक, मध्ये घड्याळ थांबत नाही. आयर्नमॅनची सुरुवात १९७८ ची, हवाईमध्ये. तिथे एक पोहण्याची शर्यत होती, एक बेटाला वळसा घालणारी सायकल राइड होती आणि एक मॅरेथॉन होती. कोणाच्या तरी डोक्यात आलं, तिन्ही एकाच दिवशी करू. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केलं. आज ऑलिम्पिकमध्येही ट्रायथलॉन आहे, २००० च्या सिडनीपासून, आणि टोकियोपासून तर मिक्स्ड रिलेसुद्धा आहे: दोन पुरुष, दोन स्त्रिया, प्रत्येकाने छोटी पूर्ण ट्रायथलॉन करायची आणि पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची.

आपल्याकडे कोल्हापूरला राजाराम तलावात पोहून ट्रायथलॉन होते, आणि गोव्यात २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ होते. हा ७०.३ म्हणजे मैल. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. मिळून ११३. हे एकट्याने करणारे लोक आहेत, त्यांना माझा दंडवत. पण त्यात रिलेचाही गट असतो. तीन माणसं, तीन टप्पे. एकाने पोहायचं, एकाने सायकल, एकाने पळायचं.

काही लोक रिलेला जरा कमी समजतात. "अच्छा, तीन जणांत का?" मग मी त्यांना नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांची गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये दोघांनी मिळून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. एक सायकलवर, दुसरा गाडीत, आलटून पालटून, दिवसरात्र. आपल्या विदर्भातल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ मध्ये एकट्याने बारा दिवसांच्या आत केली. दोन्ही थोर. मला विचाराल तर दोन्ही खेळ वेगळे आहेत. एकट्याला सायकलवरून उतरायचं की नाही हे स्वतः ठरवता येतं. रिलेत ते ठरवताना दुसऱ्याचा चेहरा समोर येतो.

तर आम्ही गोव्याचं ठरवलं. सर पोहणार, मी सायकल, दादा पळणार. ताई राखीव. फी तिघांत वाटून.

सरांचं पोहणं विहिरीतलं. लहानपणी पाठीला डबा बांधून शिकलेले. पट्टीचे पोहणारे, पण विहिरीतले! मी हिशेब काढला: वीस फूट व्यासाची विहीर म्हणजे सहा मीटर. १,९०० मीटरसाठी ती ३१७ वेळा पार करावी लागेल. सर म्हणाले, त्यापेक्षा घाणीचा बैल बरा. एकबुर्जीच्या धरणात पोहायचा प्रश्नच नव्हता, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. मग ते सुटीच्या दिवशी रेल्वेने अकोल्याला जाऊन पूलमध्ये पोहायला लागले. जाणं-येणं धरून अर्धा दिवस, पाण्यात एक तास.

इथे एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगतो, आणि हे ऐकणाऱ्या गावाकडच्या पोरांसाठी सांगतो. शेततळ्यात पोहायला उतरू नका. दिसायला ते मस्त स्विमिंग पूलसारखं दिसतं. पण त्याच्या उतारावर प्लास्टिक असतं, त्यावर शेवाळ चढलेलं असतं, आणि उत्तम पोहता येणाऱ्या माणसालाही बाहेर चढता येत नाही. पाय घसरतो, परत घसरतो, आणि दम संपतो. दर उन्हाळ्यात पेपरला बातमी येते. तुमच्या शेतात तळं असेल तर काठाला बांधून एक गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा. दोराला शंभर-दोनशे रुपये लागतात.

माझी तयारी सोपी होती, रस्ता आणि सायकल. एकच दुःख. आपल्या जिल्ह्यातून महाराष्ट्रातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता जातो, समृद्धी महामार्ग. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून. आणि त्यावर सायकलला काय, मोटारसायकललाही बंदी. योग्यच आहे, तिथल्या वेगात सायकल म्हणजे आत्महत्या. पण पुलाखालून जाताना मी वर बघायचो आणि मग खालच्या रस्त्यावरचा खड्डा चुकवायचो.

ऑक्टोबर जवळ आला आणि सोयाबीन सोंगणीला आलं.

शेतीवाल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. सोयाबीन वाळलं की थांबता येत नाही. उशीर केला तर शेंगा तडकतात, दाणे जमिनीवर. त्यात परतीचा पाऊस आला तर सगळं काळं पडतं. मजूर त्याच आठवड्यात सगळ्यांना हवे असतात, थ्रेशर त्याच आठवड्यात सगळ्यांना हवं असतं. त्या वर्षी दादाच्या शेताचं सोंगायचं आणि गोव्याची तारीख बरोबर एकावर एक आली. दादा संध्याकाळी घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "माह्यानं होत नाही यंदा. वर्षाचं पीक हाय." एवढंच. आमच्याकडे त्याला समजावण्यासारखं काही नव्हतं, आणि समजवायचंही नव्हतं.

मग त्यानेच ताईकडे बघितलं. "हे पयते ना."

ताई तोपर्यंत जास्तीत जास्त बारा किलोमीटर पळाली होती. हातात पाच आठवडे. आणि पळायचं कधी हा तर मोठाच प्रश्न. बाईमाणसाने पहाटे साडेचारला अंधारात हायवेवर एकटीने पळायचं हे फिटनेसच्या अ‍ॅपमध्ये सोपं असतं. प्रत्यक्षात कुत्री असतात, दारू पिऊन रात्र संपवणारे असतात, मुद्दाम गाडी हळू करणारे असतात. भरतीच्या पोरी घोळक्याने पळतात त्याचं कारण हेच आहे. मग आम्ही पाळ्या लावल्या. एक दिवस मी सायकलवर मागे, एक दिवस सर मोटारसायकलवर, आणि जमेल तेव्हा ताईचे मिस्टर स्कूटीवर, पेंगत पेंगत. तिची नाइट ड्युटी असली की संध्याकाळी. मला वाटतं खरी रिले ती होती. गोव्यात सात-साडेसात तासांचा खेळ, आणि इथे पाच आठवडे कोणी ना कोणी तिच्या मागे हेडलाइट घेऊन चाललेलं.

तिच्या सासूबाईंना मात्र हे पटेना. विरोध असा नाही, पण समजेचना. तीन माणसं मिळून एक शर्यत म्हणजे काय? बक्षीस आहे का? नाही. नोकरीत बढती? नाही. मग? एकदा मी तिकडे गेलो होतो, आणि सांगायचा प्रयत्न करत होतो तेवढ्यात सरच म्हणाले, "आई, शेगावची पालखी आपल्याकडून जाते ना? मेडशी, शिरपूर, रिसोड करत? तिला एकच माणूस खांदा देतो का पंढरपूरपर्यंत?" त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग हिचा खांदा शेवटचा हाय म्हना." आम्ही म्हणालो, हो. त्यानंतर त्या घरी ताईच्या जेवणाची वेळ कोणी चुकवली नाही.

गोव्याला निघायच्या आदल्या रात्री ताईने आम्हा दोघांना बसवलं. नर्सचा आवाज असतो ना, तो लावला. म्हणाली, एक ठरवू. पाण्यात सरांना बरं वाटलं नाही तर हात वर करायचा आणि बाहेर यायचं. सायकलवर तुला चक्कर आली तर उतरायचं. मला उन्हाचा त्रास झाला तर मी थांबेन. आणि थांबलेल्याला बाकीचे दोघं काही म्हणणार नाहीत, आज नाही, दिवाळीत नाही, दहा वर्षांनीही चेष्टेत नाही. चिप गेली खड्ड्यात. बोला, कबूल?

त्या जपानी मुलाबद्दलचा प्रश्न तिच्या डोक्यात राहिला होता.

आम्ही कबूल म्हटलं. तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं.

शर्यतीचा दिवस. मिरामारचा किनारा. चिप म्हणजे काय ते सांगतो. घोट्याला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधायची एक छोटी वस्तू असते, जमिनीवर अंथरलेल्या मॅटवरून गेलात की तुमची वेळ नोंदली जाते. एकट्याने करणाऱ्याच्या पायात ती शेवटपर्यंत राहते. रिलेत तीच बॅटन. पोहणारा येतो, वाकतो, पट्टा सोडतो आणि सायकलवाल्याच्या पायाला बांधतो.

पोहायला एक तास दहा मिनिटांची मुदत. अकोल्याच्या पूलमध्ये सरांनी हे अंतर पंचावन्न मिनिटांत केलं होतं. मी हेल्मेट घालून सायकलजवळ उभा. पहिले पोहणारे आले, ते तर मासेच असतात. मग गर्दीने लोक यायला लागले. पंचेचाळीस मिनिटं. पन्नास. आजूबाजूच्या सायकली एकेक करून निघून जात होत्या. पंचावन्न मिनिटं झाली, सर नाहीत. माझ्या शेजारी दुसऱ्या एका संघाची मुलगी उभी होती, तिचाही माणूस यायचा होता. आम्ही एकमेकांकडे बघत होतो पण बोलत नव्हतो. एक तास झाला. एक तास दोन मिनिटं.

मंडळी, नव्वद किलोमीटर सायकल चालवण्यापेक्षा ती सात मिनिटं जड गेली. आणि मला त्या वेळी मुदतीची काळजी वाटत नव्हती हो. माझ्या डोक्यात एकच होतं, हा माणूस समुद्रात याआधी फक्त दोन दिवस पोहलाय.

एक तास चार मिनिटं. सर आले. डोळे लाल, ओठांवर मीठ. काही न बोलता खाली बसले, चिप काढली, माझ्या पायाला बांधली, पट्टा दोनदा दाबून बघितला आणि म्हणाले, "चिप आता तुझ्या पायात. जाय."

आत काय झालं ते रात्री कळलं. अर्ध्या अंतरावर लाटेचं पाणी तोंडात गेलं, ठसका लागला, श्वास लागेना. विहिरीत लाट नसते, पूलमध्ये लाट नसते. त्यांनी हात वर केला, कयाकवाला आला, त्याची कयाक धरून ते थांबले. धरून थांबायला परवानगी असते, फक्त कयाकने तुम्हाला पुढे न्यायचं नाही. तीन-चार मिनिटं ते तसेच लटकून होते. मी विचारलं, सर, आम्ही उभे आहोत हे आठवून पुढे निघालात ना? मला वाटलं हो म्हणतील. सिनेमात हो म्हणतात. ते म्हणाले, "नाही रे. उलट. तुम्ही काही म्हणणार नाही हे आठवलं. आता बाहेर जाऊ शकतो म्हटल्यावर श्वास जागेवर आला. मग म्हटलं, आलोच आहोत तर पोहून बघू."

मी यावर खूप विचार केला आहे. कोणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट माणसाला पळवते, ते माझ्या एक्सेलमध्ये दिसलं होतं. पण तीच गोष्ट माणसाला नको तिथे पाण्यात ठेवू शकते, भर उन्हात पळवू शकते. ती ओढ कमी करता येत नाही. वाट बघणाऱ्यांनीच आधी मोकळं करून ठेवावं लागतं. ताईला हे रुग्णालयात काम करून माहीत असेल, किंवा एका यादीत नाव न आल्यावर पाच वर्षं जे काही ऐकावं लागलं त्यातून माहीत असेल. मी विचारलं नाही.

माझ्या सायकलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चढ होते, वारा होता, पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवायला बंदी असते, तीन तास एकतीस मिनिटं लागली. केळी खाल्ली. संपलं.

ताईच्या पायाला चिप बांधली तेव्हा ऊन चढलं होतं. ऑक्टोबर हीट, त्यात समुद्राची दमट हवा. आपलं वाशिमचं ऊन चटका देतं, पण घाम वाळतो. तिथे घाम वाळतच नाही. ताईने पहिल्यापासून ठरवलं होतं तसं केलं: प्रत्येक पाण्याच्या ठिकाणी थांबायचं, डोक्यावर पाणी, टोपीत बर्फ, दोन घोट, मग निघायचं. लोक तिच्या पुढे जात होते, ती जाऊ देत होती.

तिकडे वाशिममध्ये वेगळीच शर्यत. अ‍ॅपवर धावपटूचा टिपका दिसतो. आता तो टिपका खरा नसतो, मॅटवरून गेल्यावर वेळ कळते आणि मधली जागा अ‍ॅप अंदाजाने दाखवतं. हे सासूबाईंना कोण सांगणार? त्यांनी नातवाकडून फोन धरून ठेवला होता. टिपका थांबला की मिस्टरांना फोन, मिस्टरांचा मला फोन. आणि दादा सोयाबीनच्या गंजीवर चढून नेटवर्क शोधत होता. त्याचा एक व्हॉइस मेसेज माझ्याकडे अजून आहे, मागे थ्रेशरचा आवाज आणि हा ओरडतोय, "तिले म्हना पानी पीत जाय! घाई नाही!"

दोन तास अडतीस मिनिटं. शेवटच्या टप्प्यात रिलेचे बाकीचे दोघंही पळणाऱ्यासोबत फिनिश लाइन पार करू शकतात. सर अनवाणी पळत होते, त्यांची चप्पल किनाऱ्यावर कुठेतरी गेली होती. एकूण सात तास वीस मिनिटं. आमच्या पुढे बरेच संघ होते. मागेही होते.

ताईने मेडल गळ्यात घातलं आणि पहिला फोन दादाला लावला. त्याने विचारलं, किती वेळ लागला? तिने सांगितलं. तो म्हणाला, "मी असतो तं चाळीस मिनिटं कमी लागले असते." ती म्हणाली, "मंग या ना पुढच्या वर्षी, पोहायला."

आणि हे तिने खरंच मनावर घेतलं आहे. पळण्याचा टप्पा ती सोडायला तयार नाही. म्हणते, तो माझा आहे. सायकल मी सोडत नाही. सर म्हणतात, मला एकदा पळायचं आहे, समुद्र पुरे झाला. यावर ग्रुपवर रोज भांडण आहे. मध्यंतरी भरतीची तयारी करणाऱ्या पाच-सहा मुली ताईबरोबर पहाटे पळायला लागल्या आहेत, त्यामुळे या जानेवारीत मंगरूळपीरच्या रिलेला दोन संघ होतील असं दिसतंय. दुपट्टे दोन लागतील.

दादाला विहिरीत पोहायला शिकवायचं काम सध्या सरांकडे आहे. पाठीला डबा बांधून. सोंगणी कधी येते त्यावर पुढचं ठरेल.

भेटूया पुढच्या भागात. आणि तो शेततळ्याचा दोर, तेवढं आजच्या आज बघा.